झग्यातला आवाज

४ फेब्रुवारी

चि. पुटपुटीस,

टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्, आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीक शीळ, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. अंड्याच्या आत बसलेलं पिल्लू पहिल्यांदा बोलतं, तो हा आवाज. बावीस वर्षं झाली ऐकून. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, काल कोण भेटलं ते आठवत नाही. पण सकाळी तोंड धुताना नळ बंद केला की हा आवाज कानाशी येतो, आणि मी टॉवेल हातात घेऊन उभाच राहतो.

पन्नाशीच्या बाईला कुणी पुटपुटी म्हणतं का, असं तू म्हणशील. माझं बोट धरून, माझ्या मागून कविता पुटपुटत चालायचीस म्हणून ते नाव पडलं. दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायचा हक्क मला राहिलाय असं वाटत नाही. हाही राहिलाय का, ते तू ठरव. अठरा वर्षांत मी तुला अकरा पत्रं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही. हे टाकणार आहे, कारण या वेळी काम आहे.

काम सतराचं आहे, आपल्या क्रौंचमादीचं. हो, आहे ती अजून. पक्षीकेंद्रातल्या जुन्या मंडळींत आता ती आणि गेटवरचा पहारेकरी एवढेच उरलेत. मला निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी रोज अकराला मी तिच्या कुंपणाशी हजर असतो. पहारेकरी म्हणतो, "मास्तर, तुमची हजेरी लागत नाही आणि तुम्हाला रजाही मिळत नाही. असली नोकरी मी पाहिली नाही बुवा." सगळ्या केंद्राला माहीत आहे की ती माझ्या आवाजाशिवाय चोच खाली घालत नाही. तुला तर ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

माझ्या घशात गाठ निघाली आहे. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि परवा समोर बसवून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. एकवीस मार्चला. मी विचारलं, "मग बोलायचं कसं?" तर म्हणाला, "पाटी वापरा ना आजोबा. आणि एवढं बोलायला आहे तरी कोण घरी?" चांगला आहे मुलगा, सहज बोलून गेला.

जीव वाचेल म्हणतात. पण मी राहीन आणि आवाज जाईल, हे सतराला कोण समजावणार? तपासणीसाठी मला सहा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. त्या सहा दिवसांत ती पाऊण किलोनं उतरली. सहा किलोच्या पाखराचं पाऊण किलो, पुटपुटे. हाताला छातीचं हाड लागतं.

तू ये. आठ दिवस ये. तुझा आवाज माझ्यावर गेलाय, तुझी आई नेहमी म्हणायची. कविता तुला पाठ आहेत. माझ्या शेजारी उभी राहून म्हणालीस तर तिला सवय होईल. आठ दिवसांनी पुढे काय, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

आणि त्या जुन्या गोष्टीबद्दल. टेप बंद पडला होता. मी एकदाच बोललो. एवढंच झालं होतं.

तुझा,
बाबा


१६ फेब्रुवारी

चि. पुटपुटीस,

पत्र पोहोचल्याची पोच आली. तुझी सही आहे तिच्यावर, ती बघत बसलो. सहीतली शेवटची रेघ अजून तशीच ओढतेस, खाली आणि मग एकदम वर.

सतराला सांगितलं की तुला लिहिलंय. तिनं मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. नव्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पक्षी असाच बघतो, त्याचे डोळे बाजूला असतात. असतील. मला मात्र लहानपणी बाईंनी वर्गात 'गृहपाठ केलास का' असं विचारल्यासारखं वाटलं.

पिल्लांच्या खोलीत तू लावलेले नियम अजून भिंतीवर आहेत. कागद पिवळा पडलाय, अक्षर नाही. माणसाचा चेहरा दिसता कामा नये. माणसाचा हात दिसता कामा नये. माणसाचा आवाज ऐकू जाता कामा नये. तिसऱ्याखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. पिल्लाला पहिला चेहरा आणि पहिला आवाज ज्याचा मिळतो, तीच आपली जात असं ते धरून चालतं, हे तू फळ्यावर चित्रं काढून समजावलं होतंस. मी आणि माझ्या जोडीचा मौनी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. माझीच लेक मला शिकवतेय म्हणून छाती फुगली होती, आणि अर्धं लक्ष मौनीनं माझ्याकडे बघावं यात होतं.

काय सोंगं आम्ही! डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा, तोंडावर जाळी, उजव्या हातात क्रौंचाची लाकडी मुंडी. तिच्या चोचीत मासळीचा तुकडा धरायचा आणि पिल्लाला भरवायचा. टेपवर खऱ्या क्रौंचाची गुरगुर लावायची. खोकला आला तर बाहेर पळायचं. उन्हाळ्यात आत माणूस शिजून निघायचा. आम्ही दोघं ओळीनं निघालो की पहारेकरी हात जोडायचा, "चला, भुतांची पाळी सुरू झाली."

मौनीला मात्र तो झगा म्हणजे घर होतं. जीभ प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी अडकायची बिचाऱ्याची. आपलं नाव सांगायला लागायचं तेवढ्या वेळात बस निघून जायची. म्हणून तो बोलायचंच टाळायचा, आणि आम्ही त्याला मौनी म्हणायचो. त्यानं एकदा खाद्याच्या पावतीमागे पेन्सिलीनं लिहून मला दाखवलं होतं, 'जिथे बोलायची बंदी आहे अशी एकच नोकरी जगात होती, ती मला मिळाली.' मी हसलो. तोही हसला. ती पावती मी ठेवायला हवी होती.

सतरा जन्मली तेव्हा पांढरी नव्हती, तुला आठवत असेलच. मातकट, तांबूस, ओल्या विटेच्या रंगाची. पांढरेपण तिला दुसऱ्या वर्षी आलं, एकेक पीस करत. पूर्ण पांढरी झाली तेव्हा बघायला मी एकटाच होतो. पंख पसरले की टोकाची तेवढी काळी पिसं दिसतात, शाईत बुडवलेल्या बोटांसारखी. अशा पाखरावर कुणीतरी कविता लिहायला हवी होती. मला येत नाही. मला फक्त पाठ असतात.

तिला सोडायला नेलं तो दिवस. पाणथळीच्या काठाला वेताच्या आडोशामागे आपण पालथे पडलो होतो, झग्यांसकट. सात पिल्लं पाण्याच्या कडेला. त्या वर्षी रानात सगळे मिळून एकोणसाठ उरले होते, आणि सतराचं अंडं ज्या जोडीचं होतं ती जोडी विजेच्या तारेत सापडून गेली होती. तिच्या रक्ताचं दुसरं कुणी नव्हतं. तू आदल्या दिवशी जेवली नव्हतीस.

तेवढ्यात लांब बांधावरून कुणीतरी माणूस दुसऱ्याला हाक मारत गेला. साधी हाक, 'अरे थांब की' असली. सहा पिल्लं दचकून पाण्यात सरकली. सतरानं मान वर केली आणि हाकेच्या दिशेनं चालायला लागली. धावली नाही, घाबरली नाही. घरातून कुणी बोलावल्यावर चालावं तशी.

तू माझ्या शेजारी होतीस. तुझ्या तोंडावरची जाळी आत-बाहेर, आत-बाहेर होत होती. रडत होतीस की धाप लागली होती, कळलं नाही. न बोलायचा नियम होता, म्हणून मी विचारलं नाही.

उत्तर दे गं. रागाचं दे.

बाबा


२ मार्च

चि. पुटपुटीस,

तुझं पत्र आलं. पाकीट टेबलावर ठेवून मी आधी चहा केला, चहा प्यालो, कप धुतला, मग फोडलं. आत तीन शब्द. 'मौनीला कधी लिहिलंत?'

नाही लिहिलं. पत्ता नव्हता हे खरं. शोधला नाही हे जास्त खरं.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. एकदाच बोललो नाही. आता सांगतो, आणि मध्ये थांबलो तर पुन्हा सांगायचा नाही, म्हणून एका बैठकीत.

तुझी आई जाऊन सव्वीस दिवस झाले होते. माझी पाळी सकाळची, मौनीची दुपारची. दुपारी मी घरी यायचो आणि घर खायला उठायचं. मी मौनीला म्हटलं, पाळी बदलशील का? त्यानं मान हलवली. नोंदवहीत मात्र आम्ही बदललं नाही. कोण बघतंय, असं मीच म्हटलं. त्यामुळे कागदावर ते सगळे दिवस दुपारी मौनी पिल्लांच्या खोलीत होता, आणि खरोखर मी होतो. मौनी सकाळची पाळी आटोपूनही घरी न जाता पलीकडे, खाद्याच्या खोलीत मासळी कापत बसायचा. मधे पत्र्याची भिंत.

त्या दिवशी टेप अडकला. इन्क्युबेटरमध्ये सतरावं अंडं. सकाळपासून त्यातली शीळ थांबली होती. पिल्लू दमलं की असं होतं, आणि तेव्हा त्याला बाहेरून आवाज लागतो, नाहीतर ते कवच फोडायचा नाद सोडतं, हे तूच शिकवलेलं. दुसरा टेप ऑफिसात होता. दोनशे पावलं. मी गेलो नाही. मी जाळी वर केली, तोंड जवळ नेलं आणि नदीची कविता म्हटली. आमच्या वाचनमालेतली. कवीचं नाव पानाच्या फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेलं, आणि बाई मला उभं करून वर्गाला ऐकवायला लावायच्या:

थांब जराशी, म्हणे किनारा,
नदी म्हणाली, जाऊ दे;
मागे उरली ओल तळाशी
तेवढी तुला राहू दे.

पहिल्या ओळीनंतर श्वास घ्यायला थांबलो, आणि आतून आलं. टक्. मग शीळ.

घरी तू आणि मी एका टेबलाशी बसून जेवायचो. 'मीठ सरकव' एवढं एक वाक्य व्हायचं, कधी तेही नाही. तुझं दुःख तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी, आणि दोघंही एकमेकांना सांभाळतोय अशा समजुतीत. सव्वीस दिवसांत माझ्या बोलण्याला आलेलं ते पहिलं उत्तर होतं. टेप दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. मी तो लावायचो, आणि मग बारीक करायचो.

चाळीस दिवस. आठवीची सगळी कविता संपली, सातवीची संपली. झग्यातून, जाळीतून, लाकडी मुंडीनं भरवता भरवता. एक ओळ म्हणायची, थांबायचं. ती उत्तर द्यायची. मग दुसरी. आईचं दुखणं, तुझं न जेवणं, तेही सांगायचो मधे मधे. पिल्लाची जात बिघडवतोय हे माहीत होतं. फळ्यावरचं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि मी पुढची ओळ म्हणायचो.

मौनीला सगळं ऐकू जायचं. एकदा मी खाद्याच्या खोलीच्या दाराशी गेलो तर तो पाठमोरा, सुरीच्या ठेक्यावर तीच कविता म्हणत होता. एकही शब्द न अडखळता. गुळगुळीत. मी पावलं न वाजवता परत फिरलो. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं.

पाणथळीवरून परतल्यावर चौकशी बसली. आत जायच्या आधी व्हरांड्यात तू मला गाठलंस. "बाबा, फक्त हो की नाही सांगा. तुम्ही बोललात?" मी नाही म्हणालो. तू हुश्श केलंस. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की वाटलं, बरं केलं आपण. खरंच तसं वाटलं, पुटपुटे. अर्ध्या मिनिटापुरतं.

आत तीन साहेब. मौनीला उभं केलं. नोंदवही उघडी. "तुम्ही बोलत होता का पिल्लाशी?" मौनी म्हणाला, "मी... मी... मी..." पुढे येईना. मान लाल झाली. मधले साहेब म्हणाले, "ही तोतरी माणसं एकटी असली की जनावरांशी घडाघडा बोलतात, मी पाहिलंय." कोणीतरी फिस्सकन हसलं. मौनीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. आणि मी काय केलं, तर पाण्याचा ग्लास उचलून त्याच्यापुढे सरकवला. तो पाणी प्यालासुद्धा.

त्याच्या खिशात पेन्सिल होती. टेबलावर कागद होते. त्याला लिहून देता आलं असतं, दोन ओळी. त्यानं पेन्सिल काढली नाही. का, ते मी बावीस वर्षं विचारतोय.

त्याला काढल्याच्या हुकमाखालची सही तुझी होती. खोलीच्या प्रमुख म्हणून. तू बापाच्या शब्दावर सही केलीस.

बाबा


११ मार्च

चि. पुटपुटीस,

सोबत एक बंद पाकीट आहे, मौनीसाठी. तुझ्याकडे त्याचा पत्ता असेल असं वाटतं, नाहीतर तू तो प्रश्न विचारला नसतास. आत काय लिहिलंय ते सांगत नाही. थोडंच आहे. फार लिहिलं की मीच बिचारा दिसायला लागतो, म्हणून तीनदा फाडलं.

आज केंद्राच्या नव्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, बावीस वर्षांपूर्वीच्या एका चौकशीत चुकीचं नाव लागलंय, दुरुस्त करायचंय, मी लेखी देतो. फार अदबीनं बोलले. खुर्ची दिली. कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणाला, "त्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या, साहेब. खोलीत पाणी शिरलं होतं ना." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा आजोबा, मिटलं की. कोणाचंच नाव नाही आता." मी अर्ज घडी करून खिशात घातला. आवाजही फुटत नव्हता धड. दुपारनंतर हल्ली नुसता वारा येतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं करून पाहिलं. माझा आवाज मोबाइलवर भरून घेतला, स्पीकर कुंपणात ठेवला. सतरा आनंदानं आली. पहिली ओळ झाली, तिनं उत्तर दिलं. पण यंत्र तिच्या उत्तरासाठी थांबत नाही ना, ते आपलं पुढच्या ओळीवर. तिनं स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं. पुन्हा पुढे आली. पुन्हा मागे. मग चोचीनं ठोकायला लागली, रक्त येईपर्यंत. बाईंनी धावत जाऊन तो बंद केला. मग बाईंनी स्वतः म्हणून पाहिलं, कागद हातात धरून. गोड आवाज, थांबल्याही बरोबर. सतरा पाठ करून उभी राहिली. बाई मला म्हणाल्या, "काका, मी नापास." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

तू गेलीस त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तिला एक नर आणला होता. देखणा होता. तो तिच्यापुढे नाचायचा, वाकायचा, काटकी उडवायचा, आणि ही कुंपणाच्या जाळीशी उभी, गेटकडे डोळे लावून. मी दिसलो की माझ्यापुढे तीच काटकी उडवायची. पंख उघडून वाकायची. बासष्ट वर्षांचा पेन्शनीत निघालेला माणूस मी, गुडघे धरलेले. काय करणार, मीही वाकायचो. पहारेकरी तेव्हा पाठ फिरवून गेटकडे बघत उभा राहायचा. नराला दोन वर्षांनी परत नेलं.

दर वर्षी एक अंडं घालते. रिकामं. ते काढून घ्यावं लागतं, नाहीतर कुजेपर्यंत बसते. त्याजागी आपल्याकडचं लाकडी अंडं ठेवतो. महिनाभर उबवते ती त्याला. कान लावून ऐकते. मी बाहेर बसून बघतो. माझ्याच हातांनी ठेवलेलं असतं ते.

आणि तो दिवस, अठरा वर्षांपूर्वीचा. तू बदलीच्या गावाहून सतराच्या रक्ताचा नमुना घ्यायला आली होतीस, कुणाला न सांगता. मला पाठीमागे कोणी आहे याचा पत्ता नव्हता. मी ओळ म्हटली, तिनं उत्तर दिलं, मी हसलो, पुढची म्हटली. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. तू एवढंच म्हणालीस, "नदीची कविता." लहानपणी मी कुठली म्हणतोय ते ओळखायचीस आणि असंच नाव सांगायचीस. त्याच आवाजात.

मी मागे वळलो तोवर तू गेटपाशी पोहोचली होतीस. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. सतरा दचकली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा


२० मार्च

चि. पुटपुटीस,

बॅग भरून झाली. दोन सदरे, टॉवेल, पाटी. पाटी खरोखरीची आणली, दगडी, दुकानदार म्हणाला, "नातवाला का?" मी मान हलवली. स्पष्टीकरण द्यायला घसा पुरत नाही आता.

तू येत नाहीस हे मी समजलो आहे. पहिलं पत्र टाकल्याच्या आठव्या दिवसापासून रोज बसथांब्याच्या बाजूची खिडकी उघडी ठेवत होतो. आज लावून घेतली. तक्रार नाही. तुझ्या सहीनं एका माणसाची नोकरी गेली, आणि ती सही तुझ्याकडून मी करून घेतली. त्याच बापानं तुला आवाज दे म्हणून सांगावं, हे मलाच पटत नाही. लिहिलं खरं, पण पटत नाही.

सकाळी सतराकडे गेलो. शेवटचं, असं मनाशी म्हटलं नाही, नेहमीचंच म्हटलं. ती आली. मी तोंड उघडलं. पहिला शब्द निम्मा निघाला, 'थां', आणि मग वारा. पुन्हा केलं. वारा. ती मान वाकडी करून थांबली. तिला वाटलं, हीच ती थांबायची जागा. म्हणून तिनं उत्तर दिलं. मी न म्हटलेल्या ओळीला उत्तर दिलं तिनं, आणि पुढच्या ओळीची वाट बघत उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. पातेल्यातली मासळी सुकून गेली. डॉक्टरीणबाई लांब उभ्या होत्या, जवळ आल्या नाहीत.

निघताना पहारेकरी गेट उघडून धरत म्हणाला, "मास्तर, उद्या खाडा मांडू का?" मग त्याचं तोंडच वेडंवाकडं झालं आणि तो खोलीत गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, नळीनं भरवू. भरवतील चार दिवस. पंख धरून, मान धरून.

मी हे तुला मागण्यासाठी लिहीत नाही. उद्यापासून मला बोलता येणार नाही, आणि आजवर बोलता येत असताना जे बोललो नाही त्याचं

बेल वाजली. शेजारीण असणार, किल्ली न्यायला येणार होती. उघडून येतो.

सव्वापाच. तो आत हातपाय धुतोय, तेवढ्यात लिहून टाकतो, नाहीतर उद्या पाटीवर एवढं मावणार नाही.

शेजारीण नव्हती. दारात एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा. खांद्याला कापडी पिशवी, बुटांवर प्रवासाची धूळ, हातात माझं पाकीट, फोडलेलं, आणि वर पत्ता तुझ्या अक्षरातला. मी ओळखलं नाही. मग त्यानं तोंड उघडलं आणि शब्द यायला जो वेळ लागला, त्या वेळानं ओळखलं.

"ति... तिनं क... कळवलं," मौनी म्हणाला. "पा... पाखरासाठी आ... आलोय. तु... तु... तुमच्यासाठी नाही."

मी मान हलवली. बोलायला गेलो, वाराच आला. गळ्याला हात लावून दाखवला. तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे. पेन्सिल होती. त्यानं ती काढली नाही. तिथेच पायपुसण्यावर, बूटही न काढता, त्यानं डोळे मिटले आणि त्याचा हात सुरी धरल्यासारखा किंचित खालीवर झाला.

"थांब जराशी, म्हणे किनारा," तो म्हणाला. एका दमात. माझ्याच चालीत, बाईंनी शिकवलेल्या, एकही शब्द न अडखळता.

आणि थांबला. मी सतरासाठी थांबतो, नेमका तेवढाच.